चित्राचं वजन

कविता वजनाला फार हलकी असते. युनिकोडमधली देवनागरी साठवताना एका चिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे हजार चिन्हांची कविता जेमतेम ३ केबीची! माझे सगळे संग्रह एका पारड्यात टाकले, तरी मोबाइलवर काढलेला एक फोटो त्यांना भारी पडेल.

वडिलांची जुनी उर्दू पत्रं नातेवाइकांना पाठवायची म्हणून मी ती एका फाइलमध्ये लावायला घेतली, तेव्हा हा हिशेब समोर आला. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ३००० बाय ४०००, एकूण १ कोटी २० लाख ठिपके. जेपेग पद्धतीनं दाबूनही तो तीन-चार एमबीचा राहतो. अशी वीस पत्रं लावली की फाइल साठ-सत्तर एमबीवर जाते. जीमेलवर २५ एमबीहून मोठी जोडफाइल थेट जात नाही, आणि ईमेलच्या वाटेवर फाइल आणखी एक-तृतीयांशानं फुगते ती वेगळीच.

अनेक जण चित्राचा कोपरा धरून ते पानावर लहान करतात. पण चादरीची घडी घातली म्हणून तिचं वजन कमी होतं का? ठिपके तेवढेच राहतात. वर्डमध्ये कातरलेला भागसुद्धा फाइलमध्येच दडून असतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' या आज्ञेत तो काढून टाकण्याची सोय आहे, तीवर खूण करावी.

त्याहून बरं म्हणजे चित्र लावण्याआधीच लहान करणं. पानावर ते ६ इंच रुंद दिसणार असेल आणि पडद्यावरच वाचायचं असेल, तर इंचाला २०० ठिपके पुष्कळ झाले. १२०० बाय १६००, म्हणजे सुमारे १९ लाख ठिपके. मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी! छपाईला द्यायचं असेल तर मात्र इंचाला ३०० धरा.

इथे कंजुषी फार करू नये. उर्दूत बे, पे, ते यांचा आकार एकच. फरक काय तो नुक्त्यांचा. जेपेग जास्त दाबलं की अक्षरांभोवती धूळ उठते आणि नुक्ता त्या धुळीत हरवतो. मराठीत तरी वेगळं काय? अनुस्वार उडाला की 'मंद'चा 'मद' होतो. स्कॅन करताना निव्वळ काळं-पांढरं निवडलं, तर रंगीताला जिथे एका ठिपक्यामागे २४ बिट लागतात तिथे एकच लागतो. छापील मजकुराला ते ठीक आहे. विटलेल्या शाईची ओळ मात्र त्यात साफ पुसली जाते. जुन्या पत्रांना राखाडी छटाच बरी. तिला ८ बिट पुरतात.

आणि हे सगळं नकलेवर करा. जेपेग दर वेळी बदलून साठवलं की थोडं झिजतं. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहू द्या. उद्या पत्रं छापायची ठरलं, तर तेच लागतील.