तीन पानांचा हिशोब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेवाग्रामच्या शेजारी राहून महिला मंडळात पत्त्यांवर बोलायचे म्हणजे जरा धाडसच! परंतु पोळा-दिवाळी आली की आपल्याकडे तीन पत्तीचे डाव बसतात, आणि आपण चहा तेवढा पुरवतो.

सहा वर्षांपूर्वी पोळ्याच्या रात्री आमच्या मुलीच्या फीचे पैसे या खेळात गेले. "नशीब फिरलं," एवढेच हे म्हणाले. मी भांडले नाही. (दुसऱ्या दिवशी भांडले, ते निराळे.) त्या रात्री मात्र पत्त्यांचा जोड घेऊन मोजत बसले.

बावन्न पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. तिन्ही सारखी ५२ प्रकारांनी, एकाच रंगाची ओळ ४८, मिश्र रंगांची ओळ ७२०, नुसता रंग १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० प्रकारांत काहीच जमत नाही! म्हणजे चारांतले तीन डाव हात रिकामाच.

नवशिकी इथेच चुकते. एक्का दिसला की हरखते. समोर चौघी असल्या तर त्यांपैकी एकीकडे तरी जोडी किंवा वरचे काही असण्याचा संभव दहात सातच्या आसपास असतो. अशा वेळी एकट्या एक्क्यावर चाल वाढवू नये, मुकाट्याने पाने टाकावीत. दोघीच उरल्या तर मात्र तोच एक्का, सोबत राजा असेल तर, बरा म्हणायचा.

पाने न पाहता आंधळी खेळणारीला निम्मेच टाकावे लागतात. पाहून खेळणारीला दुप्पट. म्हणून सुरुवातीच्या दोन-एक चाली आंधळ्या खेळणे स्वस्त पडते. थाप मारायची तर एकीपुढे मारावी, चौघींपुढे नव्हे. आणि आंधळीपुढे तर मुळीच नको. तिला स्वतःचीच पाने ठाऊक नाहीत, ती घाबरणार कशी?

एवढे करूनही पाने वाटली की वाटली, बदलता येत नाहीत. रमीत उचलणे-टाकणे असते. म्हणूनच १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, तीन पानांचा डाव निव्वळ नशिबाचा. २०२५ साली केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. घरातल्या सतरंजीवर कोण आणणार?

मी ह्यांना चिंचोक्यांवर खेळायला बसवले. दोघांना पन्नास-पन्नास. संपले की उठायचे, गेलेले परत मिळवायला आणखी मागायचे नाहीत. पहिल्याच रविवारी ह्यांनी तीनदा मागितले. मी दिले नाहीत. महिन्याभराने एकदा सत्तावीस चिंचोके शिल्लक ठेवून ते आपण होऊन उठले, तेव्हा मी चहा टाकला.

आज ती पिशवी मी सोबत आणली आहे. पाच-पाच जणींनी गोल करून बसावे. चिंचोके मात्र मोजून परत द्या. ते जाऊबाईंचे आहेत.