बोंड फोडून पाहा



२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आम्ही तिची बाजू घेतली. ते योग्यच होते.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली बीटीची बोंडे पोखरली. कुणी बांधावर नारळ फोडले. आपलेच कार्यकर्ते म्हणाले, 'बोलू नका, विरोधकांचे फावेल.' अळीला नारळही कळत नाही आणि आपली भीडही.

खरे सांगायचे तर कडेला बिगरबीटी ओळी आपण लावल्या नाहीत, फरदड ठेवली, आणि अळी बीटी पचवायला शिकली. हे आम्ही भर सभेत बोलणार.

तुम्ही दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे फोडा. दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. पुढारी काहीही म्हणोत, आम्हीसुद्धा. बोंडात दिसेल तेच खरे.