भाग २३ : बाळ येतंय, पण चिऊचं काय?

आज आवाज जरा दबका येईल, कारण रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी किचनच्या ओट्याला टेकून फोनवर रेकॉर्ड करतोय. मध्येच फ्रीज घुरघुरला तर सांभाळून घ्या. हॉलमध्ये आई झोपलीये, बेडरूममध्ये बायको आणि लेक.

मागचे दोन महिने एपिसोड आला नाही. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, बंद केलास का रे. बंद नाही केला. घरात दुसरं बाळ येतंय. आज तिसावा आठवडा चालू आहे. आणि हे सांगायला एवढा वेळ का लागला, तेच आजचं बोलणं आहे.

आमच्या घरी आधी एक मुलगी आहे, तीन वर्षांची. घरी चिऊ म्हणतो, इथेही तेच म्हणू. चिऊच्या वेळी मी बाप म्हणून काय केलं हे आठवायचा प्रयत्न केला तर फारसं काही सापडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. बायको सातव्या महिन्यात सांगलीला गेली, मी शुक्रवारी रात्री जायचो, रविवारी रात्री परत वाकडला. डिलिव्हरी झाली तेव्हा पोचलो, पेढे वाटले, फोटो काढले. ती बाळाला घेऊन आली तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचं होतं, मान धरत होतं. म्हणजे मला सगळं आयतं मिळालं.

या वेळी तसं होणार नाही हे आधीपासून माहीत होतं. दुसरं बाळंतपण सासरी. आणि सासर म्हणजे काय, तर हाच वाकडचा टू बीएचके आणि त्यात मी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय, त्यांना इकडे येऊन धावपळ जमण्यासारखी नाही.

विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, ती मोठी, बाळाचे सगळे अवयव बघतात ती. आधी फॉर्म भरायचा, सही करायची, भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा बोर्ड. बाहेर बायकोच्या शेजारी बसलो होतो तेव्हाच गावाकडच्या एका नातेवाइकांचा फोन आला, “पहिली मुलगीच आहे ना, आता मुलगा झाला की चौकोन पूर्ण.” आपल्या महाराष्ट्राने या चाचण्यांविरुद्ध १९८८ मध्ये कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा १९९४ चा. कायद्याला माझ्यापेक्षा जास्त वर्षं झाली आणि फोन अजून तसेच येतात. मी “हो हो, रेंज नाहीये” म्हणून ठेवून दिला. नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं. दिलं नाही.

तर सोनोग्राफीत बाळ छान होतं. पण प्लासेंटा खाली होता. आमची आई त्याला वार म्हणते. ती वार गर्भाशयाच्या तोंडापासून किमान २० मिलिमीटर तरी लांब पाहिजे, आमची १२ वर होती. डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. बहुतेकींची पुढे आपोआप वर जाते. म्हणजे वार चालत नाही, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून वाढतो आणि अंतर वाढतं. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू. वर गेली तर नॉर्मलचा विचार करता येईल, नाही गेली तर सिझेरियन. तोपर्यंत जड काही उचलायचं नाही, आणि थोडंसं जरी ब्लीडिंग झालं तरी दुखत नाही म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच यायचं.

मी मान हलवली. घरी येऊन पाण्याचा जार मी उचलायचा, बाजाराच्या पिशव्या मी, गादी मी, असं सगळं ठरवलं. आता बघा, घरातली रोज सगळ्यात जास्त वेळा उचलली जाणारी जड गोष्ट कोणती? तेरा किलोची चिऊ. ती माझ्या यादीत नव्हतीच.

चिऊ झोपताना, उठल्यावर, पडल्यावर, चिडल्यावर, लिफ्टमध्ये, सगळीकडे आईच्या कडेवर. मी पुढे झालो की एकच, “बाबा नाई, आई पाहिजे.” मग बायको म्हणायची जाऊ दे, एकदाच घेते. दिवसातून पंधरा वेळा एकदाच.

रात्री तर विचारूच नका. चिऊ दोन-अडीचला एकदा उठते. पाणी, शू, किंवा नुसतंच रडू. बायको उठायची, मी झोपलेलो. मला खरंच ऐकू यायचं नाही, शपथ. आणि माझी दर तीन आठवड्यांनी ऑन-कॉल ड्यूटी असते. एका रात्री अडीचला प्रॉडक्शनचा अलर्ट वाजला, मी एका सेकंदात उठून लॅपटॉप उघडून बसलो. बायको चिऊला थोपटत होती. म्हणाली, “सर्व्हर रडला की तुला बरं ऐकू येतं.”

चिडून नाही म्हणाली. चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

पण तेव्हाही मी फार काही बदललं नाही, हे कबूल करतो. दोन रात्री उठलो, चिऊने लाथा मारल्या, परत बायकोने घेतलं.

मग सव्विसावा आठवडा. रात्री एकला बायकोने मला हलवलं. ब्लीडिंग होत होतं, दुखत अजिबात नव्हतं. मॅडमनी जे सांगितलं होतं तेच. चिऊ गाढ झोपेत. आता तिला कुठे ठेवायचं? तीन महिने झाले होते वार खाली असल्याचं कळून... नाही, तीन नाही, दीड महिना. दीड महिना होता माझ्याकडे, आणि रात्री निघायची वेळ आली तर लेकीला कोण बघणार हे मी कुणाशी बोलूनसुद्धा ठेवलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंची बेल वाजवली. त्या गाऊनवर ओढणी घेत बाहेर आल्या, काही विचारलं नाही, चिऊला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, “तू जा, गाडी हळू चालव.”

हॉस्पिटलमध्ये दोन रात्री. रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या होत्या, लागल्या नाहीत. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, लवकर डिलिव्हरी करायची वेळ आलीच तर म्हणून. ते मशीन लावलं आणि ठोके ऐकू आले, एका मिनिटाला १४८. घोडा पळतो ना, तसा आवाज. मी बायकोचा हात धरून तो आकडा बघत बसलो. ब्लीडिंग आपोआप थांबलं.

आणि इकडे चिऊ सकाळी काकूंच्या घरात उठली. आई नाही, बाबा नाही. मी नऊला आलो तर दाराशी चपला घालून बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, “बाळाने आईला बाऊ केला?”

मी काय सांगितलं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाळ परत देऊ या.”

मग कऱ्हाडहून आईचा फोन. “अरे, पोरीला इकडं आणून सोड. दोन महिने राहील, शेळी आहे, अंगण आहे. बाळ झालं की आणू माघारी.” ऐकायला एकदम बरोबर. बायकोला आराम, मला ऑफिस, चिऊला शेळी. बायको आधी नको म्हणाली, मग हॉस्पिटलच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “ने तिला. मी घरी असले की उचलणारच, मला माहितीये.” मी शनिवारी निघायचं ठरवलं. बॅग भरली. खरं सांगू का, मला हलकं वाटलं होतं. दोन महिने रात्रीचं रडणं नाही.

शुक्रवारी सहज आईला फोन केला, चिऊला दूध कसं लागतं वगैरे सांगायला. बोलता बोलता तिला विचारलं, ताईसाहेब झाल्या तेव्हा माझं काय केलं होतं? ताईसाहेब म्हणजे माझी धाकटी बहीण, रुबाबामुळे पडलेलं नाव. आई म्हणाली, “तुला मामाकडं ठेवला होता की. अडीच महिने.” मी म्हणालो, मग? तर म्हणाली, “मग काय, आणायला आले तर तू मामीला आई म्हणत होतास. मला बघून तिच्या पदरात तोंड लपवलंस. महिनाभर माझ्याकडनं जेवला नाहीस.” हसत सांगितलं तिने. मग जरा थांबली. म्हणाली, “तवा दुसरा इलाज नव्हता रे.”

मी फोन ठेवून पाच मिनिटांनी परत केला. विचारलं, तू येशील का? तिने बाबांचा विषय काढला, शेळीचा काढला, दुकानाच्या हिशोबाचा काढला. मग रविवारच्या एसटीने आली. बाबांचं जेवण आता शेजारून डब्यात येतं आणि ते रोज फोनवर भाजी कशी होती त्याची तक्रार करतात. शेळी चुलत्यांकडे.

आता चार आठवडे झाले. कुणाच्या कामाला येईल म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, प्रत्येकीचं वेगळं असतं. आम्ही मॅडमना एक प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता. उचलायचं नाही हे कळलं, पण जवळ घेतलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, अहो घ्या की, बसून घ्या, शेजारी घ्या, पोटावर उड्या मारू देऊ नका फक्त. आम्ही दीड महिना तिला नुसतं “नाही, आईला त्रास होतो” म्हणत होतो. बाळामुळे आई घेत नाही, असंच तिला कळणार ना! मग बेड काढून गाद्या खाली टाकल्या. बायको बसते, चिऊ स्वतः येऊन कुशीत शिरते. आता आम्ही ‘आई बसली की आईची मांडी, उभं असलं की बाबाची कडेवर’ असं म्हणतो. पहिले आठ दिवस तिने मला बोचकारलं. मग एकदा लिफ्टमध्ये आपणहून हात वर केले. लिफ्टमध्ये चार माणसं होती म्हणून मी नॉर्मल तोंड करून उभा राहिलो.

रात्रीचं तर फार सोपं निघालं. मी मध्ये झोपायला लागलो. एवढंच. तिचा पाय माझ्या बरगडीत लागतो, ऐकू न यायचा प्रश्नच नाही.

बाळाबद्दलही तिला ‘तुझ्याशी खेळायला येतंय’ म्हणायचं बंद केलं. तान्हं बाळ कुठे खेळतं? ते झोपणार, रडणार, दूध पिणार, हे खरं सांगितलं. ती म्हणाली, “मग कशाला?” मला अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर पाठवा.

सुट्टीचं पण सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण या वयात येताय. बायकोला दुसऱ्या बाळालाही पगारी २६ आठवडे मिळतात, २०१७ च्या दुरुस्तीपासून. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येतात. तिसऱ्या वेळी १२ होतात. बापाला? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खासगीत कायद्याने काहीच नाही, कंपनीची मर्जी. माझ्याकडे पाच दिवस आहेत. पाच! त्यात हॉस्पिटलमधून घरी यायचे चार जातात सिझेरियन झालं तर. मी माझ्या साठलेल्या रजेतले वीस दिवस टाकलेत. वरून विचारणा झाली, “पहिला आठवडा झाला की अर्धा दिवस लॉगिन करशील ना?” या वेळी रेंज गेली नाही. नाही म्हणालो. आणि ऑन-कॉलमधून तीन महिने नाव काढायला लावलं. टीममधल्या एका मुलाने माझा आठवडा घेतला, त्याचं लग्न पण अजून झालेलं नाही. त्याचा आठवडा माझ्यावर उधार आहे.

पुढच्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी सोनोग्राफी आहे, बत्तिसाव्या आठवड्याची. अंतर किती झालंय ते तेव्हा कळेल. बायको म्हणते तिला आता आकड्याचं काही नाही, कुठूनही येऊ दे, पण रोज रात्री झोपताना एकदा विचारते, “वर गेली असेल ना रे?” मी हो म्हणतो. हॉस्पिटलची बॅग दाराशी भरून ठेवलीये. समोरच्या काकूंकडे आमच्या घराची किल्ली आहे आणि चिऊचा एक ड्रेस, ब्रश आणि तिची ती कान तुटलेली हत्तीण आहे. दर दोन दिवसांनी चिऊ दुपारी तिकडे जेवते, म्हणजे परत कधी तिथे उठली तर घर ओळखीचं असेल.

काल चिऊने बायकोच्या पोटावर हात ठेवला होता, तेव्हा आतून लाथ बसली. तिने हात काढला, बघितलं, परत ठेवला आणि पोटाला ओरडली, “आईला बाऊ नाई कलायचा!”

...थांबा. हां, उठली वाटतं. आई नाही, “बाबाऽऽ” म्हणतेय.

चला, ठेवतो. गुरुवारी काय झालं ते पुढच्या भागात सांगेन.