डायनोसॉर : नाव विलायतेचं, हाडं आपल्या मातीतली

अजस्र, डायनोसॉरच्या जातकुळीचं अशा अर्थाने इंग्रजीत ‘डायनोसॉरियन’ असं विशेषण आहे. ते आलं कुठून?

इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्यासमोर तीन प्राण्यांची जीवाश्म हाडं होती: मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. त्यांच्या कमरेचे मणके एकमेकांत घट्ट जुळलेले होते. सरड्यांत असं नसतं. हे प्राणी पोट घासत फरफटणारे नव्हेत, तर अंगाखाली पाय रोवून चालणारे, असं ओवेन यांनी ओळखलं. मग 1842 साली छापलेल्या अहवालात त्यांनी या गटाला ‘डायनोसॉरिया’ नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘डायनोस’ म्हणजे भयंकर, ‘सॉरोस’ म्हणजे सरडा. त्यावरूनच हे विशेषण घडलं. खरं तर डायनोसॉर सरडे नव्हतेच; पक्षी हे त्यांचेच वंशज.

पण नाव पडण्याआधी, 1828 साली, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरजवळ अशी हाडं सापडली होती. जबलपूरजवळून वाहणारी नर्मदा पुढे आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होते. इथल्या पुरुषोत्तमनगरहून सातपुडा ओलांडून नर्मदेपार गेलं की धार जिल्हा लागतो. तिथल्या परिसरातली डायनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी यांची नोंद 2023 मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रात मान चंद्रपूर जिल्ह्याचा. डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्याला 2003 मध्ये ‘इसिसॉरस’ नाव मिळालं, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते वरोरा तालुक्यातलं पिजदुरा. तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले आहेत. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांत गवताच्या पेशींतले वाळूसारखे बारीक कण दिसले, भाताच्या नातलगांचेसुद्धा! डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, हा समज 2005 साली या शेणगोळ्यांनी खोडून काढला.

आपल्या भागात असे थर सहसा लाव्हाच्या काळ्या कातळाखाली दडलेले आहेत. तरी विहीर खणताना, नाल्याच्या काठावर हाडासारखा किंवा अंड्यासारखा गोल दगड दिसला, तर तो फोडू नका, घरीही नेऊ नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोल किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.