पाण्याचा काठ कोठे संपतो?

पाण्यापासून किती अंतर सोडून घर बांधावे, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा किंवा ओव्हरसियरचा वाटतो. भारत सरकारच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी त्याचे उत्तरही मोजून दिले आहे. मागील दहा वर्षांतील पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून ५० मीटरांच्या आत, होड्यांचे धक्के वगळता, कायमचे बांधकाम करू नये. नियम स्वच्छ आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : पाण्याला काठ असतो आणि तो नेमका सापडतो. कोलकात्याच्या पूर्वेस गेल्यास या गृहीताचीच परीक्षा होते.

कोलकाता हुगळीच्या तीरावर वसले असले, तरी त्या शहराचा उतार नदीकडे नाही. तो उलट पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वेकडेच न्यावे लागते. पूर्वी ते विद्याधरी नदी वाहून नेत असे. ती गाळाने भरून निकामी झाली. परंतु तेथील मच्छीमारांनी त्या मलिन पाण्यातूनच आपली उपजीविका घडविली. उथळ, बांध घातलेल्या तळ्यांत हे पाणी घ्यावयाचे, काही दिवस उन्हात स्थिर राहू द्यावयाचे. सूर्यप्रकाशाने त्यात सूक्ष्म शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते, रोगजंतू नष्ट होऊ लागतात, आणि रोहू, कटला, मृगळ ही मासळी त्या सूक्ष्म जीवांवर पोसली जाते. या तळ्यांना तेथे ‘भेडी’ म्हणतात. त्यांच्या बांधालगत मुद्दाम जलपर्णी राखतात. ती लाटांचा मारा सोसते आणि मातीचे रक्षण करते. तळ्यांतून सुटलेले पाणी पुढे भातशेतीस मिळते. इतर शहरे ज्या कामासाठी यंत्रे उभारतात, ते काम येथे ऊन, मासे आणि मच्छीमारांचे अनुभवसिद्ध ज्ञान करीत असते.

आता या भूमीचा काठ कोणता म्हणावा? बांध माणसाने घातलेला, पाणी माणसाने सोडलेले. भेडी आज भरलेली, तर उद्या गाळ काढण्यासाठी रिकामी. शेजारी भातखाचरे, पलीकडे धाप्याचे कचऱ्याच्या खतावर पिकणारे भाजीमळे, मधूनच गावे. केवळ टेपने येथे न्याय होणार नाही.

या भूमीचे मोल ध्यानात येण्यास वेळ लागला. १९६२ पासून हुगळीच्या गाळाची भर घालून उत्तरेकडील खारी दलदल बुजविण्यात आली आणि तेथे बिधाननगर उभे राहिले. पुढे ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने उरलेल्या पाणथळांचा चिकाटीने अभ्यास केला व त्यांचे कार्य जगापुढे मांडले. १९९२ साली एका नागरिक संस्थेच्या अर्जावर कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले, आणि २००६ मध्ये पश्चिम बंगालने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

या कायद्याची दृष्टी निराळी आहे. त्याने जमिनींची नोंद त्यांच्या स्वरूपानुसार केली : ही पाण्याची, ही शेतीची, ही वस्तीची, आणि ते स्वरूप परवानगीवाचून बदलण्यास बंदी घातली. म्हणजे काठापासूनचे अंतर जपण्याऐवजी जमिनीचा व्यवसाय जपला.

तरीही अनधिकृत बांधकामे झालीच. याचे कारण पाहण्यासारखे आहे. भेडीत माती टाकण्यापूर्वीच ती मारता येते. कालवा गाळाने भरू द्यावा, सांडपाण्याचा ओघ आटू द्यावा. मासळी घटते, मच्छीमार अन्य रोजगार शोधतो, तळे पडीक होते. मग ‘या निरुपयोगी जमिनीवर इमारत का नको?’ हा प्रश्न अगदी व्यवहारी वाटू लागतो. कागदावर ती जागा पाणीच असते. पण तिच्यासाठी भांडणारा कोणी उरलेला नसतो. म्हणूनच कालव्यातील गाळ काढणे आणि मच्छीमाराचा धंदा टिकविणे हेच बांधकाम-नियमाचे पहिले कलम समजले पाहिजे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांस ही कथा परकी वाटू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठी नदीने आपली गेलेली जागा परत मागितली. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला. त्या खाडीभोवतीही शहरे दाटलेली आहेत. तेथे ५० मीटर अवश्य मोजावेत. पण त्या रेषेच्या आत पाणी खेळते आहे काय, आणि त्यावर जगणारा कोळी अजून जाळे टाकतो आहे काय, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.