बोट दाखवलं, कुत्र्याला कळलं

रस्त्यावरचं कुत्रं आपल्या मेंदूबद्दल काय सांगणार? बरंच काही. कोलकात्याजवळ मोहनपूरच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी पिंजऱ्यातल्या नव्हे, मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा. झाकलेले दोन वाडगे ठेवायचे आणि अनोळखी माणसानं एकाकडे बोट दाखवायचं. निम्म्याच्या आसपास कुत्री जवळच आली नाहीत. माणसांचा पूर्वानुभव फारसा बरा नसावा! पण जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी दाखवलेलाच वाडगा गाठला. प्रशिक्षण कसलंच नव्हतं.

माणसाच्या बाळाला हे वर्षभरात जमतं. आपला जवळचा नातलग चिंपांझी मात्र इथे अडखळतो. म्हणजे इशारा ओळखण्याची ही क्षमता केवळ मोठ्या मेंदूची देणगी नाही. हजारो वर्षांचा सहवासही ती घडवत असावा. आणि साम्य केवळ वागण्यातच नाही: बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निपचित पडून राहायला शिकवलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतही आपल्यासारखाच कंठातले आवाज टिपणारा भाग सापडला; हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झालं.

कुत्र्याला आपलं मन कळतं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. इशारा कळतो, एवढं नक्की.