मोटारसायकलच्या सफरीसाठी मार्गदर्शक यंत्र घ्यावे काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंतचे विषय झाले. त्या पंक्तीत मोटारसायकल आणि तिच्या हँडलवर बसवावयाचे एक यंत्र यांना पाट मांडून दिल्याबद्दल प्रथम चिटणीसांचे आभार मानतो. विषय त्यांनीच सुचवला, आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या मंडळातील सात-आठ तरुण दरवर्षी पावसाळ्याच्या आगेमागे डेहराडूनहून लडाखकडे किंवा स्पितीकडे मोटारसायकलींवरून जातात. त्यांतील दोघे-तिघे गणपतीला गावीदेखील मोटारसायकलवरूनच जातात. येथून पुणे म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटरची मजल. यंदा या मंडळींमध्ये उपग्रहांवर चालणारे स्वतंत्र मार्गदर्शक यंत्र, ज्याला सर्वजण जीपीएस म्हणतात, ते विकत घ्यावे की नाही याविषयी वाद उत्पन्न झाला. तो घराघरांत पोहोचला. वडिलांना किमतीची चिंता, आईला मुलाची. आम्ही गेली काही वर्षे या तरुणांबरोबर जात असल्यामुळे निवाड्याचे काम आमच्याकडे आले. येथे व्यक्त होणारी मते आमची खाजगी आहेत, शासनाची नव्हेत, एवढे सांगणे आमच्या सेवेतील माणसाला भागच असते.

हे यंत्र करते काय, ते आधी पाहू. आम्ही साध्या बी. ए. परीक्षेचे मानकरी, तेव्हा पदार्थविज्ञान जेवढे आम्हाला समजले तेवढेच सांगू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे किमान २४ उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येकजण अत्यंत काटेकोर घड्याळातील वेळ अखंड सांगत असतो. खालचे यंत्र ती वेळ ऐकते. संदेश पोहोचण्यास किती क्षण लागले यावरून उपग्रह किती दूर आहे ते कळते, आणि चार उपग्रहांची अंतरे कळली की आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत ते निश्चित होते. घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. उपग्रहांचा वेग आणि उंची यांमुळे त्यांची घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला अशा सुमारे ३८ दशलक्षांशांनी पुढे जातात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती दुरुस्त केली नसती, तर एका दिवसात हे यंत्र आपल्याला राजपूर रोडवरून उचलून दहा-अकरा किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवते.

मूळची ही व्यवस्था सैन्याची. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरिकांसही देण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम दोष ठेवला जाई. तो मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला आणि मगच ही यंत्रे रस्त्यावरच्या माणसाच्या कामाची झाली. आपल्या देशानेही 'नाविक' ही आपली व्यवस्था उभारली. तिच्या पहिल्या मालिकेतील सातवा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये सोडला गेला.

आता डेहराडूनमध्ये राहून नकाशाविषयी बोलायचे आणि हाथीबडकल्याला नमस्कार करायचा नाही, हे योग्य होणार नाही. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय आपल्या शेजारी आहे. १८०२ मध्ये मद्रासेकडून ज्यांनी हा देश त्रिकोणांनी मोजण्यास आरंभ केला ते लॅम्टन साहेब १८२३ साली आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे वारले, आणि त्यांचे अपुरे काम एव्हरेस्ट साहेबांनी या दूनच्या खोऱ्यापर्यंत आणून पोहोचवले. वऱ्हाड-नागपूरकडील सभासदांना हा दुवा ठाऊक असावा म्हणून सांगितले. एरवी आमच्या विषयाशी त्याचा संबंध इतकाच की, यंत्र आपले स्थान सांगते; रस्ता सांगतो तो नकाशा, आणि तो माणसांनीच केलेला असतो.

तरुणांच्या वादाचे खरे मूळ येथे आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात उपग्रह ऐकणारा भाग आहेच. तो ऐकण्यास मोबाइलची 'रेंज' लागत नाही. पुष्कळांचा समज असा की, केलाँग ओलांडले आणि रेंज गेली की जीपीएस बंद पडले. बंद पडतो तो नकाशा, कारण तो जाळ्यावरून तुकड्या-तुकड्याने येत असतो. घरी बसून सबंध हिमाचल आणि लडाखचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तर सरचूच्या मैदानातही आपला निळा ठिपका नेमका रस्त्यावर सरकताना दिसतो. स्थान प्रथम सापडण्यास कदाचित थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच. आजकालचे फोन अमेरिकेचेच नव्हे तर रशिया, युरोप व चीन यांचेही उपग्रह ऐकतात. उपग्रह ऐकण्याच्या कामात स्वतंत्र यंत्राची मातब्बरी आता उरलेली नाही. दोन्ही बाजूंनी कडे उभे असलेल्या सतलजच्या घळीत दोघांचाही गोंधळ होतो, आणि नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात दोघेही मुके होतात.

मग स्वतंत्र यंत्रावर पैसे का टाकायचे? यंत्राच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे मांडतो. गार्मिन कंपनीचे 'झूमो एक्सटी' हे मोटारसायकलसाठी केलेले यंत्र २०२० साली अमेरिकेत ५०० डॉलरला विक्रीस आले. साडेपाच इंची पडदा, भर उन्हात वाचता येणारा; हातमोजे घालून बोट टेकवले तरी ऐकणारा; पावसात भिजून बिघडत नाही, गाडीच्या बॅटरीला कायम जोडलेला. फोनची अवस्था याच्या उलट. भर पावसात काचेवर थेंब पडले की फोनला वाटते दहा बोटे फिरताहेत, आणि नकाशा वाटेल तिकडे पळतो. अंबाल्याच्या जूनमधल्या उन्हात तो तापून स्वतःच झोपी जातो. आणि मोठ्या इंजिनाची थरथर! ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सूचना काढली की, शक्तिशाली मोटारसायकलच्या हँडलवर फोन बसवल्यास त्या कंपनांनी त्याच्या कॅमेऱ्यात बिघाड होऊ शकतो. बुलेटवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

परंतु ज्या यंत्राची किंमत मोटारसायकलच्या किमतीचा चांगला हिस्सा खाते, त्याचा हिशेब दिवसांवर मांडला पाहिजे. आपले तरुण वर्षातून दहा-बारा दिवस बाहेर असतात. त्यांतले रस्ता खरोखर संशयाचा असतो असे दिवस किती? मनाली ते लेह हा नेहमीचा रस्ता ठरलेलाच आहे. तांडीच्या पुलानंतर चुकायचे म्हटले तरी चुकणे कठीण. पुढचा पेट्रोल पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असा तेथला जुना फलक प्रसिद्धच आहे. अशा रस्त्यावर डाव्या-उजव्या वळणाची वाणी ऐकवणारे यंत्र म्हणजे आगगाडीच्या इंजिनाला सुकाणू बसवण्यासारखे. वाट चुकते ती येथे नव्हे, शहरांतून बाहेर पडताना. आणि तेथे रेंज भरपूर असते.

म्हणून आमचे मत असे पडले की, वर्षाला एखादी सफर करणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये. घरात पडलेला जुना फोन शोधावा, त्यात सिम घालू नये, नकाशे उतरवावेत, कंपने शोषणाऱ्या पकडीत तो हँडलवर बसवावा आणि गाडीच्या बॅटरीवरून त्याला वीज द्यावी. पाऊस आला की तो उचलून खिशात ठेवावा. अशा पावसात थांबणेच बरे. नवा फोन अंगरख्याच्या आतल्या खिशात, कोरडा. फोनचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्यास ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांतच मुभा आहे; चालवताना त्यावर बोलणे मात्र गुन्हाच. जे महिना-महिना फिरतात, मुद्दाम पायवाटा शोधतात किंवा जोरदार पावसातही थांबू शकत नाहीत, त्यांनी स्वतंत्र यंत्र खुशाल घ्यावे. फक्त परदेशातून मागवताना त्यात भारताचा नकाशा आहे की कॅनडाचा, ते आधी विचारावे.

येथपर्यंत तरुणांचा प्रश्न झाला. पण गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी एका काकूंनी आम्हाला जे विचारले, त्याने आम्ही अधिक विचारात पडलो. त्या म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या हो. तो तिकडे असताना कुठे आहे, हे आम्हाला घरी कळेल ना त्या यंत्रानं?" त्या घराने यंत्र घेण्याचे ठरवले होते ते केवळ या आशेने.

कळणार नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. हे यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. मुलगा बारालाचावर बर्फात अडकला, तर त्याला आपण बारालाचावर आहोत हे कळेल. डेहराडूनला काहीही कळणार नाही. फोनवरून जागा कळवण्याच्या ज्या सोयी आहेत, त्यांना रेंज लागते, आणि जेथे काळजी करण्यासारखे असते तेथे ती नसते. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी निराळी यंत्रे परदेशात सर्रास मिळतात, पण आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून ती बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेस अशाच यंत्रापायी अटक झाली. कोणाचे आप्त अमेरिकेहून प्रेमाने असे काही आणणार असतील, तर त्यांना आजच पत्र घाला.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पुढे जावे की थांबावे, हे कोणत्याही यंत्रास ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेली आणि बदायूँ या जिल्ह्यांच्या दरम्यान रामगंगेवरच्या अपुऱ्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघे गेले. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता. मोबाइलच्या नकाशावर रस्ता सरळ चालू होता, असे वृत्त होते. आपल्या जवळचेच पाहावयाचे तर मसुरीस जाताना गर्दीच्या दिवशी फोन किमाडीचा रस्ता सुचवतो. रस्ता आहे, यात शंका नाही. पण तो अरुंद आहे आणि पावसाळ्यात त्यावर दरड येते, हे गढी कॅन्टच्या कोपऱ्यावरील चहावाला फुकट सांगतो. ग्रामफूहून बातलकडे जाताना नाले रस्त्यावरूनच वाहतात. सकाळी ज्यातून घोट्याएवढ्या पाण्यातून गाडी निघते, त्यात दुपारी वरचे बर्फ वितळून गुडघ्यावर पाणी चढते. यंत्र मात्र सकाळी आणि दुपारी तोच वेळ दाखवते. तेथे यंत्राच्या म्हणण्यापेक्षा समोरून आलेल्या ट्रकचालकाची चाके कोठपर्यंत ओली आहेत, ते पाहावे. पहाडी माणसाचे 'बस, थोड़ा आगे' हे किती किलोमीटर असते, हा मात्र स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचे उत्तर यंत्राबाहेर शोधावे लागले. गेल्या दोन सफरींत आम्ही एक साधी पद्धत ठेवली. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या घरी कागदावर मुक्काम लिहून ठेवायचे: कोणत्या तारखेस कोठे, आणि रस्ता बंद झाल्यास मागे कोठवर यायचे. रेंज असलेले शेवटचे गाव ठरवायचे आणि तेथून फोन करायचाच. दारच्याच्या चौकीत गाड्यांची नोंद होते, तेथे नाव-गाडीक्रमांक स्वच्छ अक्षरात लिहायचा. उरकल्यासारखी सही करायची नाही. लडाखमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून तुकडीतल्या निदान दोघांकडे पोस्टपेड असलेच पाहिजे. आणि ठरलेल्या दिवशी फोन आला नाही, तर घरच्यांनी चोवीस तास शांत राहायचे, त्यानंतर मंडळातील दोन नेमलेल्या माणसांना कळवायचे. हा चोवीस तासांचा नियम आईवर्गाला मुळीच मान्य नाही. बारा तासांवर तडजोड झाली आहे. वडिलांनी मतदानात भाग घेतला नाही.

छापील नकाशाचे काय, असे आताच कोणी विचारले. अवश्य न्यावा. त्यास वीज लागत नाही, आणि एका दृष्टिक्षेपात डेहराडून, पाँवटा, मनाली आणि लेह एकत्र दिसतात. हातभर पडद्यावरही ते सुख नाही. सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतील अनेक नकाशे २०१७ पासून संगणकावरही उपलब्ध झाले. आपल्या ग्रंथालयात डाव्या बाजूच्या कपाटात हिमाचल आणि उत्तराखंड यांचे रस्त्यांचे नकाशे आहेत. नेताना नोंदवहीत सही करावी. लडाखचा नकाशा दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नेला आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो यंदाची तुकडी निघण्यापूर्वी, निदान जूनच्या पहिल्या आठवड्यात, ग्रंथपालांकडे पोहोचता करावा.